टेबल बनवलं, पॉलिश केलं, आणि पाच महिन्यांनी टॉप फाटला

अर्धवट_सुतारीण
नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय. पहिला धागा काढतेय तोही रडगाणं घेऊन.

लिहायला बसायचं टेबल बनवलं. अस्सल सागवान. टॉप १५० सेंमी लांब, ७५ सेंमी रुंद, सहा फळ्या कडेला कडा चिकटवून. खाली चार पाय आणि त्यांना जोडणारी आडव्या पट्ट्यांची चौकट. चौकटीवर टॉप ठेवला आणि खालून लोखंडी एल-पट्ट्या लावून चौदा स्क्रूंनी करकचून आवळला. हलायला नको, हा एकच विचार. मग जवसाचं तेल आणि वर वॉर्निशचे तीन हात. आठवडाभर येताजाता त्यावरून हात फिरवत होते.

परवा रात्री फटाका फुटावा तसा आवाज आला. सकाळी बघते तर एका टोकाकडून ४० सेंमी आत गेलेली भेग. तोंडाशी जाड पुठ्ठा सहज सरकतो. गंमत म्हणजे मी चिकटवलेले सांधे सगळे शाबूत आहेत. भेग फळीच्या अंगातून गेलीये.

लाकूड खराब होतं का? भेगेत लांबी (पुट्टी) भरून वरून पॉलिश मारलं तर चालेल? की टॉपच बदलू?

कोरा_कागद
अरेरे. फोटो टाका ना ताई.
मी पण टेबलच बनवायच्या विचारात आहे, त्यामुळे खुर्ची ओढून बसलोय.

प्लायवाला
म्हणून मी म्हणतो, टॉपला प्लाय घ्या आणि विषय संपवा. कडेला लाकडी पट्टी चिकटवली की कोणाच्या बापाला कळत नाही.

जुनी_पटाशी
लांबी अजिबात भरू नका. आधी खालचे चौदा स्क्रू काढा, मग पुढचं वाचा. वाचलं नाही तरी चालेल, पण स्क्रू काढा.

लाकूड खराब नव्हतं. त्याला हलायला जागा दिली नाही, एवढंच. कापलेलं लाकूड मेलं असं आपण धरतो, पण ते हवेतली ओल घेत-सोडत राहतं. ओल घेतली की फुगतं, सोडली की आकसतं. आणि हे सगळीकडून सारखं होत नाही, खरी गोम तिथेच आहे. लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेने, ओल्या झाडापासून पार कोरडं होईपर्यंत लाकूड जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसतं, म्हणजे जवळजवळ नाहीच. रुंदीत मात्र भरपूर. त्यातही वर्षाच्या वलयांच्या कडेकडेने जास्त, गाभ्याकडून सालीकडे साधारण त्याच्या निम्मं. सागवान तर शहाण्यासारखं वागणारं लाकूड, तरी ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतं.

तुमचा हिशोब करू. दमट दिवसांत फळ्यांत १४ टक्के ओल असेल असं धरा. हवा कोरडी झाली आणि ती ९ वर आली. सागवानाच्या सपाट चिरलेल्या (वलयांना समांतर कापलेल्या) फळीत ओल एक टक्क्याने बदलली की मीटरभर रुंदीमागे जवळपास २ मिमी फरक पडतो. तुमचे पाऊण मीटर, पाच टक्के. म्हणजे टॉपला ७ मिमी लहान व्हायचं होतं. खालच्या आडव्या पट्टीची लांबी नेमकी त्याच दिशेने आहे, ती जागची हलणार नाही. वरचा आकसतोय, खालची सोडत नाही, मधे चौदा स्क्रू. कुठेतरी तुटणारच होतं.

सांधे सुटले नाहीत याचं कौतुक करून घ्या. कडेला कडा नीट बसलेला फेविकॉलचा सांधा लाकडापेक्षा मजबूत असतो, म्हणून फाटली ती फळी.

अर्धवट_सुतारीण
काका, स्क्रू काढले. शेवटचे चार काढताना टॉप "टक्" करून सरकला. खोटं नाही सांगत, भेग डोळ्यांदेखत मिटली, आता जेमतेम नख जातं.

पण मी वॉर्निश केलं होतं ना? मग ओल आतबाहेर जातेच कशी?

चपडा_आणि_स्पिरिट
वॉर्निशने वेग कमी होतो ताई, ये-जा थांबत नाही. रेनकोट म्हणा हवं तर, डबा नाही. दोन पावसाळी दिवसांचा फरक लाकडाला कळणार नाही, पण तीन महिने हवा दमट राहिली की ती आत पोचतेच. यावर रीतसर चाचण्या झाल्यात, अमेरिकेत मॅडिसनला १९१० पासून लाकडावर काम करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे, तिच्या. त्यात सगळ्यांत लंगडं ठरलेल्यांपैकी एक म्हणजे आपलं लाडकं जवसाचं तेल. दिसायला सुंदर, ओल अडवायला जवळपास शून्य. जाड वॉर्निश, पीयू (पॉलियुरेथेन), इपॉक्सी हे बरेच बरे.

एक विचारतो, रागावू नका. टॉपला खालून काही लावलं होतं का?

अर्धवट_सुतारीण
नाही. खालून कोण बघतंय म्हणून.

चपडा_आणि_स्पिरिट
लाकूड बघतं.
वरून तीन हात आणि खालून कोरं, म्हणजे खालची बाजू ओल पटकन घेणार-सोडणार, वरची सावकाश. टॉपची पन्हळ होते ती अशी. खालून सुबक नको, ठिपके-ओघळ राहिले तरी चालतील, पण हात तेवढेच मारा.

जुनी_पटाशी
याच्याशी अर्धा सहमत. खालून लावावं, पण ते लावलं म्हणून आवळून टाकायची मुभा मिळत नाही. जुनी कितीतरी टेबलं खालून कोरी आहेत आणि सपाट आहेत, कारण जोडणाऱ्याने हलायला जागा ठेवली होती.

जागा ठेवायची कशी ते सांगतो. सगळ्यांत सोपं म्हणजे लोखंडी एल-पट्टीतलं गोल भोक लांबट करायचं. कानशीने दोन्हीकडे ४-५ मिमी वाढवा, भोक टॉपच्या रुंदीच्या दिशेने लांब हवं. स्क्रू वॉशर घालून बसवा, पण शेवटचा आटा देऊ नका. बोटाने वॉशर फिरला पाहिजे. मला आवडते ती दुसरी रीत, लाकडी गुटक्यांची. चौकटीच्या आतल्या अंगाला टॉपपासून १२ मिमी खाली खाचा पाडायच्या. लाकडाचे छोटे गुटके करायचे, त्यांना जीभ काढायची, जीभ खाचेत, गुटका टॉपला स्क्रूने. जीभ खाचेच्या तळाला टेकवायची नाही, मधे मोकळी जागा. टॉप खाली ओढून धरलेला राहतो, पण आडवा सरकू शकतो.

आणि मधोमध, दोन्ही टोकांना, एकेक स्क्रू पक्का मारा. म्हणजे आकसणं-फुगणं मध्यापासून दोन्हीकडे सारखं वाटलं जाईल. नाहीतर टॉप एकाच बाजूला सरकत जातो आणि मग तुम्ही इथे दुसरा धागा काढाल.

कोरा_कागद
मग भेगेत लांबी का नाही भरायची? मिटतेय तर बुजवून टाकू की.

जुनी_पटाशी
कारण भेग आपोआप उघडझाप करणार. कोरड्या दिवसांत भरलीत की दमट दिवसांत लाकूड फुगून लांबीवर दाबणार, लांबी दबत नाही, मग शेजारची फळी नवीन जागा शोधणार.

ताई, ४० सेंमीची भेग म्हणजे आत डोळ्यांना दिसत नाही अशी आणखी थोडी असणार. दोन रस्ते. भेग स्वच्छ असेल, आत तेल-वॉर्निश उतरलं नसेल, तर पातळ पत्र्याने तळापर्यंत डिंक पोचवा, खालून व्हॅक्यूमने ओढून घ्या, क्लॅम्प लावा. पण सागवान मुळात तेलकट, त्यात तुमचं जवस. मी असतो तर दुसरा रस्ता धरला असता. भेगेच्या रेषेत करवतीने टॉप उभा चिरा, दोन्ही कडा रंध्याने सरळ करा, पुन्हा चिकटवा. टॉप ५-६ मिमीने अरुंद होईल, कोणाला कळणार नाही. चिकटवायच्या जस्ट आधी, अगदी दहा-पंधरा मिनिटं आधी, कडा ॲसिटोनने पुसा. वरचं तेल गेलं की डिंक धरतो. फार आधी पुसलंत तर आतलं तेल परत वर येतं.

भुसाच_भुसा
वाचतोय. अवांतर पण महत्त्वाचं.
ताई, जवसाचं तेल लावलेल्या चिंध्यांचं काय केलंत?

अर्धवट_सुतारीण
गोळा करून गॅलरीतल्या प्लॅस्टिकच्या डब्यात टाकल्या. का?

भुसाच_भुसा
बाप रे. नशीब म्हणा.
जवसाचं तेल "वाळतं" म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतल्या प्राणवायूशी जोडलं जाऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता निघते. टेबलावर पसरलेलं असताना ती उडून जाते. बोळा करून टाकलेल्या चिंध्यांत ती अडकते, वाढत जाते, आणि काडी न लावता पेट घेते. १९९१च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात ३८ मजली इमारत अशाच चिंध्यांनी पेटली. लाकडी भिंतींच्या डागडुजीला वापरलेल्या, २२व्या मजल्यावर ठेवून दिलेल्या. तीन अग्निशामक गेले.

चिंधी एकेरी उलगडून उघड्यावर दोरीला टाकायची, पार कडक होईपर्यंत. किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून. टंग तेल आणि तेलाचं वॉर्निश यांच्या चिंध्यांनाही हेच.

आता आलोच आहे तर भुशाचंही सांगतो. घासताना मास्क लावता ना? कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ साली लाकडाचा भुसा पहिल्या गटात टाकलाय, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत. नाकाचा आणि सायनसचा. हौशी माणसाला कारागिराइतका धोका नाही हे मान्य, पण रुमाल बांधून भागत नाही. बारीक भुसा रुमालातून जातो.

अर्धवट_सुतारीण
डबा आत्ता पाण्याने भरून आले. हात थरथरतायत.

प्लायवाला
प्लायला चिंध्या लागत नाहीत एवढंच नम्रपणे नोंदवतो.
आता गंभीरपणे. प्लाय का हलत नाही हे कळलं तर सगळा धागा कळेल. पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले, प्रत्येक पापुद्रा शेजारच्याला रुंदीत हलू देत नाही. ताईंच्या टेबलातही आडव्यावर उभं असंच होतं, फक्त पापुद्र्याऐवजी जाड फळी, म्हणून ती फाटली. प्लायचं दुखणं वेगळं, कडेतून मारलेला स्क्रू नीट धरत नाही.

कोरा_कागद
हे सोप्या भाषेत पहिल्यांदा कळलं. धन्यवाद प्लायदादा.
आता पॉलिशचं सांगा कोणीतरी. तेल, चपडा, वॉर्निश, पीयू, मेलामाइन... डोकं गरगरतं.

चपडा_आणि_स्पिरिट
मी वाटच बघत होतो.

आधी घासणं, कारण पॉलिश बिघडलं असं ज्याला म्हणतात त्यातलं निम्मं घासण्यात बिघडलेलं असतं. ८० नंबरच्या पेपरने सुरुवात, मग १२०, मग १८०. मधला नंबर गाळायचा नाही. १८० चं काम ८० चे ओरखडे काढणं नाही, १२० चे काढणं आहे. प्रत्येक नंबरच्या आधी मी सगळ्या पृष्ठभागावर पेन्सिलीने नागमोडी रेघा मारतो. रेघ पुसली गेली की तो भाग झाला. वेडेपणा वाटेल, पण याने कडांजवळचे राहिलेले पट्टे सापडतात. मशिनने घासत असाल तर दाबू नका आणि घाई करू नका, सेकंदाला इंचभर सरकवा, नाहीतर बारीक वेटोळी उमटतात. ती कोरड्या लाकडावर दिसत नाहीत. पहिला हात मारला की दात काढून हसतात.

१८० झालं की ओल्या फडक्याने पुसा. लाकडाचे तंतू उभे राहतील, गालावर दाढीचे खुंट लागावेत तसे. वाळलं की त्याच पेपरने हलक्या हाताने एकदा. मग अंधार करून टॉर्च टॉपच्या पातळीत आडवी धरा. जे दिसेल ते आत्ताच काढा.

सांध्यातून बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने फासू नका. तो पातळ होऊन छिद्रांत जातो आणि तिथे पॉलिश धरत नाही, फिका डाग राहतो. अर्धा तास थांबा, च्युइंगमसारखा झाला की पटाशीने उचला.

आता माझं लाडकं. चपडा म्हणजे लाखेच्या किड्याने फांदीवर केलेली राळ, धुऊन पापड्या केलेली. स्पिरिटमध्ये लिटरला साधारण १२० ग्रॅम घातला की पातळ, २४० घातला की नेहमीचा. लावल्यावर अर्ध्या तासात पुढचा हात. बिघडलं तर स्पिरिटने निघतं, नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. पाइनसारखं लाकूड रंग लावला की डागाळतं, त्याला आधी पातळ चपड्याचा एक हात दिला की रंग सारखा बसतो. तोटे? गरम भांडं ठेवलं की पांढरं वर्तुळ, अल्कोहोल सांडलं की विरघळतो. लिहायच्या टेबलाला चालेल, जेवायच्या नाही. घोळलेलं द्रावण वर्षानुवर्षं ठेवू नका, जुनं झालं की वाळतच नाही, चिकट राहतं. बाटलीवर तारीख लिहा.

तेलाच्या वॉर्निशचं सागवान-शिसवाशी जमत नाही कधीकधी. लाकडातलंच तेल वॉर्निशला वाळू देत नाही, आठवडा झाला तरी बोटाला चिकटतं. आधी थिनरने पुसा, किंवा मेण काढलेल्या चपड्याचा एक हात मधे घाला. मेण काढलेला चपडा खालचं आणि वरचं दोन्ही धरतो. साध्यावर पीयू मारलंत तर सोलून निघेल, ते मीच केलंय, विचारू नका.

कोरा_कागद
मेलामाइन दमट दिवसांत मारलं तर दुधी पडतं म्हणतात, खरं का?

चपडा_आणि_स्पिरिट
खरं. थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि आत अडकते. दिवस कोरडा निवडा, नाहीतर सावकाश उडणारं थिनर वापरा. पडलंच दुधी तर त्यावर थिनरचा अगदी हलका फवारा मारा, बहुतेक वेळा निघतं.

जुनी_पटाशी
एक भर. "वाळलं" आणि "पिकलं" यात फरक आहे. पीयूला दोन तासांत बोट लागत नाही, पण ते पुरतं कडक व्हायला आठवडे जातात. मी एकदा दुसऱ्या दिवशी कपाटावर प्लॅस्टिक पांघरलं, धूळ नको म्हणून. प्लॅस्टिकच्या घड्या आजही कपाटावर आहेत.

प्लायवाला
काका, हे तुम्ही दर धाग्यात सांगता.

जुनी_पटाशी
कपाट रोज दिसतं रे.

अर्धवट_सुतारीण
(तीन आठवड्यांनी)
चिरला. करवत टॉपवर ठेवली तेव्हा दहा मिनिटं नुसती उभी होते. ओळखीच्या कोणालाही घरी बोलावलं नव्हतं.

कडा सरळ करण्यात दोन दिवस गेले. काकांनी व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) सांगितलेली युक्ती, दोन्ही तुकडे पुस्तकासारखे मिटवून एकत्र रंधायचे, म्हणजे रंधा एखादा अंश तिरका गेला तरी उलगडल्यावर दोन्ही तिरपेपणा एकमेकांना मारतो. पहिल्या दिवशी रंध्याखालून तुकडे-तुकडे निघत होते, लाकडात खड्डे पडत होते. पातं काढून धार लावली, हजारच्या दगडावर, हाताच्या केसांवर चालेपर्यंत. पुन्हा लावलं तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड मीटरची अखंड सुरळी निघाली, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. ती मी जपून ठेवलीय. घरच्यांना समजत नाहीये का.

ॲसिटोनने पुसलं, फडकं पिवळं झालं. चिकटवलं. पाच क्लॅम्प, तीन खालून दोन वरून, म्हणजे टॉप वाकत नाही. दिवसभर हात लावला नाही.

गुटके केले, दहा. आधी जुनं वॉर्निश उतरवून १८० पर्यंत सगळं परत घासलं. पेन्सिलीच्या रेघा मारून. (मारल्याशिवाय काम होतं असं वाटायचं, होत नाही.) पातळ चपड्याचा एक हात, मेण काढलेला, वर वॉर्निश तीन हात, खालूनही तीन. खालचे ओघळ तसेच ठेवलेत.

भुसाच_भुसा
चिंध्या?

अर्धवट_सुतारीण
दोरीवर, एकेक, चिमट्याने. शेजारचे विचारत होते ही कसली धुणी.

कोरा_कागद
(चार महिन्यांनी)
धागा वर काढतोय. ताई, टेबल कसं आहे? मी माझं सुरू केलंय, चौकट झाली. चारातला एक पाय अधांतरी आहे.

जुनी_पटाशी
पाय लगेच कापायला घेऊ नका. आधी जमीन सपाट आहे का बघा, टेबल फिरवून ठेवा. तरी तोच पाय उचलला गेला तर चौकटीचे कर्ण मोजा, दोन्ही सारखे आले की ती काटकोनात आहे. मग दोन सरळ पट्ट्या चौकटीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवून लांबून डोळ्याने जुळवा, पिळवटली असेल तर पट्ट्या एकमेकींना तिरक्या दिसतील. चौकट पिळलेली नसेल तर पाय लहान-मोठे. मग तीन टेकलेल्यांपैकी कोणता उंच ते शोधून तो घासा. अधांतरी पाय कापून काय होणार?

अर्धवट_सुतारीण
टेबल मस्त आहे. चिकटवलेली जागा आता मलाही पटकन सापडत नाही.

लावताना चौकटीवर, टॉपच्या कडेच्या खाली, दोन्हीकडे पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली होती, कडा नेमकी कुठे येते तिची. गेले काही दिवस हवा दमट आहे. आज वाकून बघितलं तर डावीकडे टॉप रेघेच्या दोन मिमी बाहेर, उजवीकडे दीड. रात्री आवाज कसलाच आला नाही.

कोरा_कागद, तुम्हीही रेघ मारून ठेवा. आणि काका म्हणतायत तो वॉशर खरंच बोटाने फिरतोय ना बघा, मी पहिल्यांदा सवयीने आवळलाच होता.